तळपायाची बधिरता आणि पुरुषाचे अबोल दुखणे

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या पट्ट्यात मुंबईच्या लोकलची अखेरची स्थानके, खोपोलीचे कारखाने, द्रुतगती मार्गालगतचे ढाबे, शहरी माणसांची फार्महाऊस, भाताची खाचरे, वीटभट्ट्या आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या हे सारे एकमेकांपासून फारशा अंतरावर नाही. दारूही या प्रत्येक ठिकाणी आहे. वाडीत ती मोहाची किंवा काळ्या गुळाची गावठी असते, नाक्यावर देशीची क्वार्टर असते आणि फार्महाऊसवर शनिवारी रात्री उघडली जाणारी महागडी बाटली असते. पोटात उतरल्यानंतर मात्र या भेदांना फारसा अर्थ उरत नाही, कारण तिन्हींतील कार्यकारी द्रव्य इथाइल अल्कोहोल हेच असून, मेंदू, मज्जातंतू, वृषण आणि यकृत यांवर होणारा त्याचा परिणाम पिणाऱ्याची जात, मिळकत किंवा बाटलीवरचे लेबल पाहून ठरत नाही. दारूने यकृत जाते, संसार मोडतो, अपघात होतात, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. पण पुरुषाच्या लैंगिक क्षमतेवर आणि स्पर्शाच्या जाणिवेवर ती काय परिणाम करते याविषयी घरात बोलले जात नाही आणि दवाखान्यातही विचारले जात नाही, आणि या मौनापायी वेळीच लक्ष दिल्यास सुधारू शकणारा विकार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

हा परिणाम समजण्यासाठी निरोगी शरीरात काय घडते ते आधी पाहावे लागते. लिंगाला येणारी ताठरता हे स्नायूंच्या बळाचे काम नसून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांच्या मेळातून घडणारी ती क्रिया आहे. स्पर्शाने, दृश्याने किंवा नुसत्या विचाराने मेंदू उद्दीपित झाला की मज्जारज्जूच्या तळाशी असलेल्या त्रिक भागातून निघणारे बारीक तंतू तो संदेश खाली नेतात. हे तंतू स्वायत्त मज्जासंस्थेचे, म्हणजे हृदयाची गती, पचन, घाम अशी माणसाच्या इच्छेवर न चालणारी कामे पाहणाऱ्या यंत्रणेचे असतात. त्यांच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो, तो लिंगातील सच्छिद्र ऊतींच्या अनैच्छिक स्नायूंना सैल करतो, मोकळ्या झालेल्या पोकळ्यांत धमन्यांतून रक्त भरते, आणि भरलेल्या पोकळ्यांच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटल्या गेल्यामुळे ते रक्त तेथेच टिकून राहते. याच्या उलट दिशेने, लिंगाच्या त्वचेवरील स्पर्शाची जाणीव मज्जारज्जूपर्यंत पोहोचवण्याचे काम प्युडेंडल नावाच्या मज्जातंतूची एक शाखा करते, आणि ही जाणीव पुरेशी तीव्र झाल्याखेरीज स्खलनाचा क्षण सहसा येत नाही. आज्ञा खाली नेणारा आणि जाणीव वर आणणारा असे दोन्ही मार्ग शाबूत असावे लागतात, आणि दारू या दोन्ही मार्गांना इजा करते.

पहिली इजा त्याच रात्रीपुरती असते. अल्कोहोल मेंदूतील गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव घटवते. त्यामुळे लाज, धास्ती आणि आवर यांचा लगाम आधी सैल होतो आणि दोन घोट घेतलेल्या माणसाला आपण धीट झालो, आपली इच्छा वाढली असे वाटते. मात्रा वाढत गेली की हेच मांद्य उद्दीपनाचे संदेश वाहणाऱ्या केंद्रांपर्यंत आणि मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियांपर्यंत पोहोचते, मग इच्छा असूनही शरीर साथ देत नाही. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य विद्यापीठांत स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत रक्तातील अल्कोहोल जसजसे वाढले तसतशी ताठरता कमी होत गेली, स्खलनाला अधिक वेळ लागू लागला आणि त्यातील सुखाची तीव्रता उतरली, असे मोजमापांसह दिसून आले. शीघ्रपतनाच्या भीतीने ग्रासलेला तरुण नेमक्या या लांबलेल्या वेळेला गुण समजतो आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतच दारूला औषधाचा मान देऊन बसतो. प्रत्यक्षात तेथे काही बळ वाढलेले नसते, जाणीव बोथट झालेली असते.

मग दारूने जोर येतो ही समजूत इतकी घट्ट कशी, या प्रश्नाचे उत्तर १९७६ मध्ये अमेरिकेत विल्सन आणि लॉसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका नेटक्या प्रयोगात सापडते. त्यांनी काही पुरुषांना व्होडका घातलेले पेय दिले आणि काहींना साधे, पण दोन्ही गटांतील निम्म्यांना त्यात दारू आहे असे सांगितले आणि निम्म्यांना नाही असे. त्यानंतर दाखवलेल्या कामोत्तेजक चित्रफितीने अधिक उद्दीपित झाले ते दारू घेतलेले पुरुष नव्हते, तर आपण दारू घेतली आहे असे ज्यांना वाटत होते ते, मग त्यांच्या पेल्यात ती असो वा नसो. सौम्य मात्रेत जे बळ दारूच्या नावावर जमा होते ते बहुतांशी माणसाच्या स्वतःच्या अपेक्षेचे असते, ही गोष्ट प्रत्येक तरुणापर्यंत पोहोचायला हवी.

मात्रेचा हिशेबही नीट मांडून पाहण्यासारखा आहे. भारतात बनणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के छापलेले असते, म्हणजे १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, वजनात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरते. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम इतकेच अल्कोहोल मोडू शकत असल्यामुळे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात फिरत राहते. गावठीचे तर प्रमाणच ठरलेले नसते. जो रोज एक क्वार्टर घेतो त्याचे मज्जातंतू आणि वृषण दिवसाचा मोठा भाग अल्कोहोल आणि त्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड हे अधिक विषारी द्रव्य यांच्या संपर्कात राहतात, आणि येथून दुसरी, मुरणारी इजा सुरू होते.

या इजेची एक वाट संप्रेरकांची आहे. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषत्वाची लक्षणे आणि कामेच्छा टिकवणारे संप्रेरक वृषणातील लायडिग पेशींत तयार होते. अल्कोहोल या पेशींना थेट अपाय करते, शिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून त्यांना येणारी चालनाही मंदावते. दीर्घकाळ पिणाऱ्याचे यकृत निकामी होऊ लागले की टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकात होणारे रूपांतर वाढते, तयार झालेले इस्ट्रोजेन नीट निपटले जात नाही, आणि वृषणे आक्रसणे, छाती वाढणे, अंगावरील केस विरळ होणे अशी लक्षणे दिसू लागतात. शुक्राणूंची संख्या आणि हालचालही घटते. मूल होत नाही म्हणून सुनेला बुवाबाबांकडे फिरवणाऱ्या घरांत मुलाच्या पिण्याकडे बोट दाखवले जात नाही, हा अन्याय केवळ अज्ञानातून होतो असे मानणे कठीण आहे.

दुसरी वाट मज्जातंतूंची आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. दारूमुळे होणाऱ्या मज्जातंतूविकारात शरीरातील सर्वांत लांब तंतू आधी खराब होतात, म्हणून त्याची सुरुवात तळपायांपासून होते: बोटांना मुंग्या, रात्री अंथरुणात तळव्यांची आग, पोटऱ्यांत गोळे, मग हळूहळू बधिरता, आणि शेवटी पायातली चप्पल वाटेत निसटली तरी न कळणे. कापसावरून चालल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. विकार मोज्याच्या आकाराने गुडघ्याकडे चढतो आणि पुढे हातांच्या बोटांतही शिरतो. व्यसनी रुग्णांची बारकाईने तपासणी केलेल्या निरनिराळ्या अभ्यासांत हा विकार कोठे चौथ्या हिश्शाला तर कोठे निम्म्याहून अधिकांना आढळला आहे. जे तंतू ताठरतेचा संदेश नेतात ते लांबीने तळपायाच्या तंतूंइतके नसले तरी अतिशय बारीक असतात आणि त्यांच्याभोवती संरक्षक वेष्टन नसते किंवा अगदी पातळ असते, त्यामुळे तेही या विकारात लवकर सापडतात. बरोबरीने लिंगाच्या त्वचेची जाणीव मंदावली की स्खलन फार लांबते, कधी होतच नाही, आणि झाले तरी त्यात सुख उरत नाही. पायाची बधिरता आणि शय्येवरील अपयश ही दोन वेगळी दुखणी नसून अनेकदा एकाच विकाराची दोन रूपे असतात.

या विकारात दारूच्या विषाबरोबर अपुऱ्या पोषणाचाही हात आहे. मज्जातंतूंना ऊर्जा मिळण्यासाठी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, लागते आणि शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. दारू आतड्यातून त्याचे शोषण कमी करते, यकृतातील साठा घटवते आणि पिणाऱ्याच्या जेवणाची जागाही व्यापते. कर्जत-खालापूर हा मुळात भाताचा प्रदेश आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील संशोधन केंद्राने निर्माण केलेली ‘कर्जत’ नावाची भाताची वाणे कोकणात दूरवर लावली जातात. पण तांदळातील बहुतेक थायमिन दाण्याच्या आत नसून कोंड्यात असते आणि गिरणीत पांढरा शुभ्र होईपर्यंत सडलेल्या तांदळातून ते बहुतांशी निघून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने कोंडा काढलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या सावरतात हे पाहिले, आणि या शोधाच्या मालिकेसाठी त्याला १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी घरोघरी हातसडीचा तांदूळ आणि डोंगराळ भागात नाचणी, वरी खाल्ली जात असे. आज रेशनचा पांढरा तांदूळ, पातळ कालवण आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी दारू अशी सांगड ज्याच्या वाट्याला येते त्याच्या मज्जातंतूंवर दुहेरी मार पडतो. दिवाळीनंतर आगाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढणारे कुटुंब डाळ, अंडी, शेंगदाणे यांवर किती खर्च करू शकते, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देता येत नाही.

पायांची बधिरता दिसली की तिचे खापर सरसकट दारूवर फोडणेही चूक ठरेल, कारण मधुमेहात अगदी असेच चित्र दिसते आणि कुष्ठरोगात त्वचेवरील फिकट चट्टा बधिर होतो. कोकणातील आदिवासी वस्त्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण अजून सापडत असल्यामुळे ही तपासणी टाळून चालत नाही. क्षयरोगाचा रुग्ण असेल तर आणखी एक धागा तपासावा लागतो: उपचारातील आयसोनियाझिड हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्व कमी करते, दारू पिणाऱ्यांत या औषधाने मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका अधिक असतो, आणि म्हणून त्यांना पायरिडॉक्सिनची म्हणजे ब-६ ची गोळी सोबत देणे अगत्याचे असते. अनवाणी खाचरात उतरणाऱ्या किंवा भट्टीच्या तापल्या जमिनीवर वावरणाऱ्या माणसाला बधिर पायाला झालेली जखम कळत नाही आणि ती चिघळते, ही या विकाराची रोजची किंमत आहे.

लैंगिक तक्रारींचे प्रमाण किती, याची कल्पना भारतातीलच एका अभ्यासावरून येते. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या १०० पुरुषांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ७२ जणांना किमान एक लैंगिक तक्रार होती. शीघ्रपतन, कामेच्छा कमी होणे आणि ताठरता न येणे या तीन तक्रारी सर्वाधिक होत्या, आणि कोणाला त्रास होईल हे सांगणारा सर्वांत ठळक घटक रोज किती प्यायली जाते हा होता. दारूने वेळ लांबतो अशा आशेने जे पीत असतात त्यांच्या यादीत शीघ्रपतन अग्रभागी असावे, यातच त्या आशेचा निकाल लागतो.

अपयशाचा परिणाम एका माणसापुरता थांबत नाही. शरीर साथ देत नाही हे स्वतःशीही कबूल न करणारा पुरुष दोष बायकोवर ढकलतो, तिचे दुसरीकडे लक्ष आहे अशी शंका घेतो, तिच्या मागावर राहतो, मारहाण करतो. व्यसनी पुरुषांत दिसणारा हा रोगट संशय मानसरोगशास्त्रात फार पूर्वीपासून नोंदलेला आहे आणि प्रसंगी तो स्त्रीच्या जिवावर बेततो. दारूबंदीसाठी गावोगाव उभ्या राहिलेल्या महिला मंडळांच्या बायका ज्या छळाबद्दल बोलतात त्यातला हा एक भाग उघडपणे सांगितला जात नाही, पण आशा सेविकेच्या कानावर तो येत असतो. नवऱ्याचा संशय हा त्याच्या आजाराचे लक्षण असू शकतो हे समजल्याने त्या स्त्रीवरील अन्याय सौम्य ठरत नाही. तिला मदत मागण्याचे आणखी एक कारण मात्र मिळते.

दरम्यान या दुखण्याचा बाजार मोकळा आहे. लोकलच्या डब्यांत आणि रेल्वेलगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या हमखास इलाजांच्या जाहिराती दिसतात, वास्तविक १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने लैंगिक सुख वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केलेली आहे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध छुपेपणाने मिसळलेले अनेक देशांतील तपासण्यांत सापडले आहे. हे औषध डॉक्टरच्या सल्ल्याने उपयोगी पडते, पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. शिवाय ते नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम फक्त टिकवून धरते, तो निर्माण करणारे तंतूच नष्ट झाले असतील तर गोळीचा गुण अपुरा पडतो. बायकोच्या हाती गुपचूप जेवणात मिसळण्यासाठी दिली जाणारी दारू सोडवण्याची पुडी याहून घातक आहे: तीत डायसल्फिराम हे व्यसनमुक्तीचे औषध असेल आणि माणसाने त्यावर दारू घेतली तर जिवावर बेतू शकते, आणि हे औषध दीर्घकाळ चालू राहिल्यास स्वतःच मज्जातंतूंना इजा करू शकते.

या प्रदेशात दारूच्या प्रश्नाकडे सरकारी नजर नेहमी महसूल आणि गुन्हा याच चष्म्यातून पाहत आली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले, १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम आला, आणि आजही गावठीच्या भट्ट्यांवर छापे पडतात. छाप्यांची गरज नाकारता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि मिथेनॉलपासून बनणारे फॉर्मिक ॲसिड डोळ्याचा मज्जातंतू जाळून माणसाला आंधळे करते. पण एका रात्रीत मारणाऱ्या दारूची बातमी होते, आणि दहा वर्षे हळूहळू तंतू खाणाऱ्या परवानाधारक दारूची कोणी नोंद ठेवत नाही, ही प्राधान्यक्रमातील गंभीर चूक आहे.

सुधारणेची आशा किती? अमेरिकेतील सिॲटल येथील व्यसनमुक्ती रुग्णालयाचे लेमेअर आणि स्मिथ यांनी १९७३ मध्ये ३७ वर्षांतील सुमारे १७,००० रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतील ८ टक्क्यांनी नपुंसकतेची तक्रार केली होती, आणि दारू सुटल्यानंतर काही महिने ते काही वर्षांत त्यांच्यापैकी निम्मे पूर्ववत झाले, उरलेल्या निम्म्यांत इजा कायम राहिली. आपण होऊन तक्रार करणारे ८ टक्के आणि विचारल्यावर सांगणारे निम्हान्समधील ७२ टक्के, हे आकडे एकाच तक्रारीचे नसले तरी त्यांतील अंतराचा काही भाग मौनाचा असावा. संप्रेरके बऱ्याच जणांत काही आठवड्यांत सावरू लागतात. मज्जातंतू मात्र वाढले तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात, म्हणून सहा महिने, वर्षभर धीर धरावा लागतो. जितके लवकर थांबावे तितके अधिक परत मिळते. थांबण्यातही एक काळजी आहे: रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडल्यास दोन-तीन दिवसांत फेफरे, भास आणि तीव्र कंप येऊन प्राण धोक्यात येऊ शकतो, त्यामुळे सोडण्याचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिनच्या इंजेक्शनांसह काढणे आवश्यक ठरते.

लैंगिक तक्रार विचारायला डॉक्टरला आणि सांगायला रुग्णाला संकोच वाटत असेल तर सुरुवात पायांपासून करावी. तळवे जळतात का, चप्पल निसटलेली कळते का, हे विचारायला कोणाला लाज वाटत नाही. टाचेमागच्या कंडरेवर हातोडीचा हलका ठोका आणि घोट्यावर ठेवलेला कंपन पावणारा नादकाटा एवढ्या साधनांनी कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये किंवा एखादे प्राथमिक आरोग्य केंद्रही हा विकार ओळखू शकते, आणि त्यानंतर पहाटे ताठरता येते का हा पुढचा प्रश्न सहज विचारता येतो, कारण ती येत असेल तर तंतू बऱ्याच अंशी शाबूत असून दोष मनावरील ताणाचा असण्याची शक्यता अधिक असते. व्यसन सोडवण्यासाठी पुण्यात १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण केंद्र येथून दूर नाही, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना शुल्क लागत नाही. ज्याला समोरासमोर बोलणे जमत नाही त्याने १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा १४४१६ या टेली-मानस सेवेवर फोन करावा. दोन्ही सेवा विनामूल्य आहेत.